नाजूक नगरची परीक्षा

तानापिहिनिपाजा हा शब्द शब्दकोशात सापडत नाही. तरी मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, तो बिनचूक म्हणून दाखवील आणि परत झोपेल. तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. यातला पारवा रंग नेमका कसा असतो, हे मात्र त्याला जागेपणीही सांगता येणार नाही. लक्षात राहणं आणि कळणं यांची फारकत आपल्याकडे अशी चौथी-पाचवीतच होते, आणि पुढे दोघं आपापल्या वाटेने सुखात नांदतात.

गोंदियात ही गंमत दुप्पट आहे. बालाघाट हाकेच्या अंतरावर, छत्तीसगडची हद्दही जवळ, त्यामुळे शहरात हिंदी शाळा मराठी शाळांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या. हिंदी शाळेतला पोरगा इंद्रधनुष्य बघून ‘बैनीआहपीनाला’ म्हणतो : बैंगनी, नीला, आसमानी, हरा, पीला, नारंगी, लाल. मराठी इंद्रधनुष्य तांबड्यापासून सुरू होतं, हिंदी जांभळ्यापासून. एकाच आळीतली दोन पोरं पावसानंतर आकाशाकडे बोट दाखवून दोन टोकांकडून म्हणत सुटतात आणि बरोबर हिरव्यापाशी एकमेकांना भेटतात. राष्ट्रीय एकात्मतेवर इतकं नेमकं व्याख्यान क्वचितच ऐकायला मिळतं.

गोंदियाहून आमगावच्या रस्त्याला लागलं की शहर संपलं असं वाटण्याच्या आत फुलचूर सुरू होतं. गाव म्हणावं तर शहराला चिकटलेलं, शहर म्हणावं तर ग्रामपंचायतीच्या गोष्टी बोलणारं. धानाचा हा पट्टा. राइस मिलचा आवाज इथल्या माणसाला ऐकू येत नाही, तो बंद पडला की ऐकू येतो. 1 मे 1999 रोजी गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळं होऊन जिल्हा झालं, तेव्हापासून सरकारी कचेऱ्या वाढल्या आणि त्यांच्यामागोमाग स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका. वर्तमानपत्र, पंखा, प्लॅस्टिकची खुर्ची आणि भिंतीवर ‘मोबाईल सायलेंटवर ठेवा’. अभ्यासिकेत बसणाऱ्याचं चलन म्हणजे ट्रिक. जिल्ह्यांची ट्रिक, नद्यांची ट्रिक, कलमांची ट्रिक. चहाच्या टपरीवर उधारी चालते, पण चांगली ट्रिक फुकट कुणी देत नाही.

आता या वातावरणात पस्तिशीकडे झुकलेला एक इंजिनीअर बसवा. तो कल्पनेतला आहे, म्हणून त्याला नाव नाही. पण त्याच्यासारखे बरेच आहेत. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम फुलचूरच्या घरातून, आणि साहेबांनी सांगितलेलं, ‘पीएमपी करून टाक, पुढचं बघू.’ पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. 1969 साली अमेरिकेत स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट (पीएमआय) 1984 पासून हे प्रमाणपत्र देते. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो, शिवाय 35 तासांचं प्रशिक्षण. 2021 मध्ये आलेल्या रचनेत 180 प्रश्न आणि 230 मिनिटं. म्हणजे आधी तीन वर्षं काम करून दाखवायचं आणि मग ते कसं करतात ते पुस्तकातून पाठ करायचं. आपल्याकडे लग्नानंतर पाककृतीचं पुस्तक भेट देतात, त्यातलाच प्रकार.

पुस्तकाचं नाव ‘पीएमबॉक गाइड’. त्याची 2017 ची सहावी आवृत्ती ही पाठांतराची काशी होती. 5 प्रक्रियागट, 10 ज्ञानक्षेत्रं आणि 49 प्रक्रिया. प्रत्येक प्रक्रियेला आत काय जातं, कोणती साधनं लागतात, बाहेर काय येतं याची यादी वेगळी. आमच्या इंजिनीअरने अभ्यासिकेच्या परंपरेला जागून दहा ज्ञानक्षेत्रांची पहिली अक्षरं काढली. इंटिग्रेशन, स्कोप, शेड्यूल, कॉस्ट, क्वालिटी, रिसोर्स, कम्युनिकेशन, रिस्क, प्रोक्युअरमेंट, स्टेकहोल्डर. झालं ते असं : इस्कोशेकॉक्वारिकरिप्रोस्टे.

हे मोठ्याने म्हणून बघावं. मागच्या खोलीतून आई विचारते, ‘काय रे, मळमळून राहिलं का?’

चांगल्या ट्रिकला स्वतःचा ठेका लागतो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी यांचं ‘कंचेभागुबेव’ अजून टिकलंय ते त्या ठेक्यावर. याहून सरस नमुना वृत्तांच्या अभ्यासात आहे. ‘यमाताराजभानसलगा’ या दहा अक्षरांत छंदशास्त्रातले आठही गण मावतात. कुठल्याही गणाच्या अक्षरापासून तीन अक्षरं मोजा. त्यांचा लघु-गुरु क्रम हाच त्या गणाचा क्रम. य पासून यमाता : लघु, गुरु, गुरु. म पासून मातारा : तिन्ही गुरु. न पासून नसल : तिन्ही लघु. यादीही तीच, व्याख्याही तीच आणि उदाहरणही तेच. ज्याने कुणी हे रचलं त्याला सहाव्या आवृत्तीच्या 49 प्रक्रिया द्यायला हव्या होत्या. अर्धा फळा पुरला असता.

आद्याक्षरांच्या ट्रिकांचा खरा शत्रू विस्मरण नाही, सुधारणा आहे. इंग्रजी शाळांतल्या पोरांनी नऊ ग्रहांसाठी आई आणि नऊ पिझ्झा यांचं एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या घोकलं. 24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं आणि पिझ्झाचा घास तोंडातच राहिला. पीएमबॉकवाल्यांनी हेच 2021 मध्ये केलं. सातव्या आवृत्तीत 49 प्रक्रियांचा तक्ता बाजूला सारून 12 तत्त्वं आणि 8 कार्यक्षेत्रं आणली. ज्यांनी तक्ता न्हाणीघराच्या दारावर चिकटवला होता त्यांनी तो खरवडून काढला. मग 2025 मध्ये आठवी आवृत्ती आली आणि प्रक्रिया परतल्या, या खेपेला 40. दाराचा रंग मात्र परत आला नाही.

अक्षरं दगा देतात असं दिसल्यावर इंजिनीअर आकड्यांकडे वळला, आणि तिथे त्याला घबाड सापडलं. कटपयादी ही आकडे शब्दांत लपवायची जुनी भारतीय पद्धत. केरळातल्या गणितज्ञांनी आणि ज्योतिषांनी ती भरपूर वापरली. क पासून ओळीने 1, 2, 3 मोजत ज्ञ नव्हे, ञ पर्यंत गेलं की शून्य. पुन्हा ट पासून 1, न वर शून्य. प पासून म पर्यंत 1 ते 5. आणि य पासून ह पर्यंत 1 ते 8. काना-मात्रा मोजायच्या नाहीत. आकडा मात्र उजवीकडून डावीकडे वाचायचा. कर्नाटक संगीतात 72 मेळकर्ता रागांची नावं याच हिशेबात बसवलेली आहेत : धीरशंकराभरणम् मधला धी 9, र 2, म्हणून तो 29 वा, मेचकल्याणी मधला मे 5, च 6, म्हणून 65 वा. राग म्हटला की क्रमांक हातात.

इंजिनीअरने कागद घेतला. परीक्षेत प्रश्न 180. शून्याला न, आठला ज, एकला क. नाजूक. वेळ 230 मिनिटं. शून्याला न, तीनला ग, दोनला र. नगर. म्हणजे अख्ख्या परीक्षेचं नाव झालं ‘नाजूक नगर’. तो उठून उभा राहिला. प्रशिक्षण 35 तास : पाचला म, तीनला ल, माल. अनुभव 36 महिने : सहाला त, तीनला ल, ताल. पास झाल्यावर दर तीन वर्षांनी प्रमाणपत्र टिकवायला 60 पीडीयू गुण गोळा करावे लागतात : शून्याला न, सहाला च, नाच. जुन्या 49 प्रक्रियांची झाली धाव, नव्या 40 ची नाव. माल, ताल, नाच, धाव, नाव. लावणीच्या फडाचा हिशेब तयार झाला. उद्या परीक्षेची वेळ दहा मिनिटांनी वाढवली तर नगरचा नवरा होईल, हेही त्याच्या लक्षात आलं आणि ते त्याने बायकोला सांगितलं. तिने विचारलं, ‘प्रश्नपत्रिकेत विचारतात का, पेपर किती मिनिटांचा म्हणून?’

विचारत नाहीत. किती प्रश्न, किती मिनिटं, किती अनुभव, यातलं काहीच परीक्षेत येत नाही. एक संध्याकाळ गेली, आणि ती आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या संध्याकाळींपैकी एक होती. पाठांतराच्या युक्त्यांचा हा गुण कुणी नाकारू नये. जे लक्षात ठेवायची गरज नाही ते त्या अजरामर करतात.

पाठांतरात आपला देश कुणाला हार जाणारा नाही. वेदपठणाची परंपरा युनेस्कोच्या यादीत आहे, आणि तिथे नुसती घोकंपट्टी नसते. जटापाठात दोन शब्द घेऊन पुढे, मागे, पुन्हा पुढे म्हणतात. घनपाठात तीन शब्द : पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा. मग एक शब्द पुढे सरकून परत तेच. अक्षर चुकलं तर उलट्या फेरीत पकडलं जातं. हजारो वर्षं कागदाशिवाय मजकूर जसाच्या तसा ठेवायची ही तपासणी होती. इंजिनीअरने पहाटे गच्चीवर जाऊन स्कोप, शेड्यूल आणि कॉस्टचा घनपाठ लावला. स्कोप-शेड्यूल, शेड्यूल-स्कोप, स्कोप-शेड्यूल-कॉस्ट, कॉस्ट-शेड्यूल-स्कोप, स्कोप-शेड्यूल-कॉस्ट. आता योगायोग बघा : काम वाढलं की वेळ वाढतो, वेळ वाढला की खर्च, खर्च कापला की काम आटतं, हा प्रकल्प व्यवस्थापनाचा पहिला धडा या उलटसुलट फेऱ्यांत आपोआप येऊन बसतो. ही एकच युक्ती अशी निघाली की जिच्यात पाठांतराबरोबर अर्थही घुसला. शेजारच्या गच्चीवरच्या आजोबांनी मात्र दुसऱ्या दिवशी, कोणाचं श्राद्ध आहे, असं विचारलं.

मग आला स्मृतिमहाल. याची कथा ग्रीक कवी सिमोनिडीसची सांगतात. मेजवानी चालू असताना तो बाहेर गेला आणि मागे सभागृहाचं छप्पर कोसळलं. मृतदेह ओळखू येईनात. पण कोण कुठे बसलं होतं हे सिमोनिडीसला आठवत होतं, त्यावरून नातेवाइकांना आपापली माणसं मिळाली. जागेला चिकटवलेली गोष्ट विसरत नाही, हा शोध त्यातून लागला म्हणे. गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही लग्नात कोण कितव्या पंगतीला बसलं, कुणाच्या पानात बुंदी दुसऱ्यांदा पडली नाही आणि कोण त्यावरून न जेवता उठलं, हे मावशा वीस वर्षांनीही सांगतात. आणि त्यासाठी छप्पर पडावं लागत नाही.

या विद्येवरचं एक लॅटिन पुस्तक आहे, ‘ऱ्हेटोरिका अॅड हेरेनियम’, दोन हजार वर्षांहून जुनं. त्याच्या अज्ञात लेखकाने फार व्यवहारी सूचना दिल्यात. ओळखीच्या जागा निवडा, दोन जागांत साधारण तीस फुटांचं अंतर ठेवा, दर पाचव्या जागेवर सोन्याचा हात वगैरे खूण करा, आणि चित्रं अशी ठेवा की डोळा दचकला पाहिजे : कुणाला मुकुट घाला, कुणाला चिखल फासा, कुणाला हास्यास्पद करा. आणि एक महत्त्वाची अट : जागा निर्जन असावी. लोकांच्या ये-जा करण्याने चित्रं पुसट होतात.

हा लेखक गोंदियाच्या बाजारातल्या गोरेलाल चौकात कधी आला नसणार.

इंजिनीअरने आपला रोजचा रस्ता घेतला. सहाव्या आवृत्तीच्या पाच गटांत प्रक्रिया वाटलेल्या आहेत अशा : आरंभ 2, नियोजन 24, अंमलबजावणी 10, देखरेख 12, समारोप 1. आरंभ फुलचूर नाक्यावर. तिथे प्रोजेक्ट चार्टरचा फ्लेक्स टांगला, वर प्रकल्पाचा हसरा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून प्रायोजकाचं नाव. नियोजन जयस्तंभ चौकात. 24 प्रक्रिया 24 दिशांनी आलेल्या, प्रत्येकीला आधी जायचंय, हॉर्न वाजतायत. अंमलबजावणी गोरेलाल चौकात, बाजारात. देखरेख गांधीजींच्या पुतळ्यापाशी. त्यांच्याइतका वेळ कुठलाच व्यवस्थापक एका जागी उभा राहून बघत नाही. आणि समारोप रेल्वे स्थानकावर. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून निघते ती इथे संपते, महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघून अख्खा महाराष्ट्र आडवा कापत येते तीही इथेच संपते. पुढे काही नाही, उतरा. समारोपाची प्रक्रिया एकच असते हे यापेक्षा चांगलं कोण शिकवणार?

कागदावर महाल उत्तम उभा राहिला. अडचण आली ती आईने भाजी आणायला पाठवलं तेव्हा. गोरेलाल चौकात जिथे क्वालिटी उभी केली होती तिथे संत्र्यांची हातगाडी लागलेली; रिसोर्सच्या जागेवर मोटारसायकल; कम्युनिकेशन दोन दुकानदारांच्या भांडणात सापडलेलं. घरी आला तेव्हा डोक्यात दहाही प्रक्रिया होत्या, पिशवीत कोथिंबीर नव्हती.

सूत्रांच्या बाबतीत मात्र आमचा माणूस नशीबवान निघाला. कमावलेलं मूल्य ईव्ही, ठरवलेलं मूल्य पीव्ही आणि प्रत्यक्ष खर्च एसी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर गेल्यावर, वीजबिल हातात धरून, एसी म्हणजे खर्च हे गोंदियाच्या माणसाला पाठ करावं लागत नाही. बाकीचं सोपं : ईव्ही नेहमी आधी लिहायचा. फरक विचारला तर वजाबाकी, निर्देशांक विचारला तर भागाकार. खर्चाचं असेल तर एसी, वेळेचं असेल तर पीव्ही. निर्देशांक एकच्या वर गेला की बरं चाललंय, खाली गेला की साहेबांचा फोन येणार.

अंदाजाचं सूत्र 1958 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामातून आलं. आशावादी अंदाज, अधिक शक्य अंदाजाची चौपट, अधिक निराशावादी अंदाज, भागिले सहा. वरच्या मजल्याचं बांधकाम काढलं होतं, मिस्त्री म्हणाला दोन महिने. शेजारी म्हणाले सहा. वडील म्हणाले, ‘सोळा धरून चल.’ दोन अधिक चोवीस अधिक सोळा म्हणजे बेचाळीस, भागिले सहा, सात महिने. क्षेपणास्त्राला जे लागू पडतं ते स्लॅबलाही पडतं. फक्त वडील हे घटक नौदलाकडे नव्हते.

संवादवाटांचं सूत्रही असंच चिकटलं. माणसं एन असतील तर वाटा एन गुणिले (एन वजा एक), भागिले दोन. घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटात 18 माणसं, वाटा 153. त्यात एक नवा जावई घेतला की 171. एका जावयाने अठरा वाटा वाढतात आणि त्या अठराच्या अठरा वाटांनी त्याच्याबद्दलच बोललं जातं.

पण खर्च-वेळेच्या धड्यासाठी वैनगंगेच्या खोऱ्यातल्या माणसाने फार लांब बघू नये. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं धरण आहे. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. मूळ अंदाज 372 कोटी रुपये. 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. पुढे सुधारित अंदाज गेला 18,494 कोटींवर, म्हणजे जवळजवळ पन्नास पट. पीएमबॉकमध्ये मूळ आराखड्याला बेसलाइन म्हणतात आणि तो बदलायचा तर रीतसर बदल-विनंती मांडून मान्यता घ्यावी लागते. आपल्या पाटबंधारे खात्यात या सोहळ्याला सुप्रमा म्हणतात, सुधारित प्रशासकीय मान्यता. विदर्भातल्या शेतकऱ्याला बेसलाइन कळायला 35 तासांचं प्रशिक्षण लागणार नाही. त्याने ती पाण्याखाली जाताना पाहिली आहे, गावं गेली ती त्याच पाण्यात. वेळेचं उदाहरण हवं तर गोंदिया-जबलपूर लोहमार्ग. छोट्या गाडीचा हा मार्ग मोठा करायला मंजुरी मिळाली गेल्या शतकात, आणि मोठी गाडी सलग धावायला या शतकाची वीस वर्षं उलटावी लागली. दरम्यान एक पिढी छोट्या गाडीत बसून मोठी झाली.

परीक्षेला बसलेला माणूस ही उदाहरणं वापरत नाही, हे विशेष. तो सराव पुस्तकातल्या कुठल्याशा परदेशी शहरातल्या पुलाचा खर्च काढत बसतो आणि कॉस्ट ओव्हररन म्हणजे काय ते आठवत नाही म्हणून त्याची आद्याक्षरं बनवतो.

मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, एकदा विचारलंच. ‘काहून गा, रात्रंदिवस कायचं पाठ करून राहिला?’

‘प्रकल्प वेळेत आणि ठरल्या पैशात कसा पूर्ण करायचा त्याची परीक्षा आहे, मोठेबाबा.’

‘वेळेत?’ मोठेबाबांनी पानाचा डबा बंद केला. ‘ठरल्या पैशात? अन् हे शिकवाले माणूस भेटला का त्याहिले?’

विज्ञानाचंही या बाबतीत काही म्हणणं आहे, आणि ते ट्रिकवाल्यांना फारसं रुचणारं नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरजोड्यांचे ढीग स्वतः पाठ करून, स्वतःच विसरून, 1885 मध्ये त्याचा हिशेब छापला. घोकलेल्यातलं निम्म्याहून अधिक तासाभरात निसटतं. मग गळती मंदावते आणि महिन्यानेही साधारण पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. इस्कोशेकॉक्वारिकरिप्रोस्टे त्याच्या हाती लागलं असतं तर त्याला वेगळी अक्षरं बनवावी लागली नसती. 2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे : 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांकडे उरले 40 टक्के, आठवून लिहिणाऱ्यांकडे 61. पुढे 2013 मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं यांना वरची श्रेणी मिळाली, ओळी रंगवणं आणि नुसतं पुन्हा वाचणं तळाला गेलं. शब्दावरून चित्र रचायची युक्तीही तळालाच.

हे वाचलं तेव्हा आमच्या इंजिनीअरच्या पुस्तकाचं एकही पान कोरं नव्हतं. सगळ्याला हळद लागलेली.

मग त्याने लाइटनरची खोकी केली. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने 1972 मध्ये मांडलेली ही पद्धत : चिठ्ठीवर प्रश्न, मागे उत्तर. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, तिची पाळी उशिराने. चुकलं की पहिल्या खोक्यात, रोज हजेरी. चपलांची तीन रिकामी खोकी मिळाली, दोन मिठाईची. पंधरवड्यात कामाच्या चिठ्ठ्या पाचव्या खोक्यापर्यंत पोचल्या. एकच चिठ्ठी पहिल्या खोक्यातून हलायला तयार नव्हती, आणि ती सूत्राची नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं : ग्राहकाने अचानक नवं काम सांगितलं, प्रकल्प व्यवस्थापकाने सर्वप्रथम काय करावं?

इथे परीक्षेचं गुपित आहे. सूत्रांचे प्रश्न मोजके. बाकी सगळे ‘आता काय कराल’ जातीचे, आणि चारही पर्याय सज्जन. पीएमआयला आवडणारं उत्तर सहसा असं : आधी परिणाम तपासा, चमूशी बोला, मग बदलाची रीत पाळा. वरिष्ठांकडे धाव घेणं हे बहुतेक वेळा चुकीचं उत्तर असतं. आमच्या माणसाचा पहिला कौल प्रत्येक वेळी तोच पडे : साहेबांना फोन. बारा वर्षांच्या नोकरीने हे उत्तर असं पक्कं केलं होतं की घनपाठानेही हललं नसतं. लक्षात ठेवायचं तंत्र सगळ्या पुस्तकांत सापडतं. लक्षात राहिलेलं काढून कसं टाकायचं, ते एकातही नव्हतं.

परीक्षा घरून देता येते म्हणून त्याने घरच निवडलं. कॅमेऱ्याने चारी भिंती दाखवायच्या, टेबल मोकळं, कागद-पेन नाही, पांढरा फळा पडद्यावरच. खोलीत कुणी यायचं नाही. साठ-साठ प्रश्नांनंतर दोनदा दहा मिनिटांची सुट्टी, आणि मागे सोडलेल्या भागाकडे परत जायचं नाही. हे सगळं ठीक होतं. शेवटची अट वाचून तो गार पडला : मोठ्याने वाचायचं नाही, पुटपुटायचं नाही. निरीक्षक कॅमेऱ्यातून बघत असतो. ओठ हलले की ताकीद.

बे एके बे पासून औटकीपर्यंत, तानापिहिनिपाजापासून घनपाठापर्यंत, आपलं सगळं पाठांतर ओठांवर राहतं. तोंड बंद करून मराठी माणसाला सतरा साते सुद्धा आठवत नाही. तो आधी सतरा एके पासून मनात निघतो आणि सतरा चोकला ओठ हलतातच. इंजिनीअरने जबडा आवळून 230 मिनिटं काढली. घरात कर्फ्यू. व्हॉट्सअॅप गटात सूचना, 153 वाटांनी. दाराबाहेर मोठेबाबा खुर्ची टाकून बसले, कुणी आत जाऊ नये म्हणून. आणि दर पंधरा मिनिटांनी आतल्याला ऐकू जाईल अशा आवाजात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, ‘हळू बोला, आत पेपर चालू आहे.’

तो पास झाला.

आई म्हणाली, ‘किती टक्के पडले?’

टक्के नसतात, तो म्हणाला. पीएमआय गुण सांगत नाही, पास व्हायला किती लागतात तेही जाहीर करत नाही. प्रत्येक विभागासमोर फक्त लिहिलेलं असतं, अबव्ह टार्गेट, टार्गेट, वगैरे.

घरात शांतता पसरली. टक्के नसलेला निकाल या घराने पाहिलाच नव्हता. वडिलांनी चष्मा लावून पडदा वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिला. ‘सांगत नाहीत म्हणजे कमीच असतील,’ ते हळूच म्हणाले.

तोवर मोठेबाबा फाटकापर्यंत पोचले होते आणि शेजारच्या आजोबांना सांगत होते, ‘ब्याण्णव पडले.’